भाषा-शंका : फ्रेंचमधील अँपार्फॅ आणि मराठीतील ‘होता’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे फ्रेंचच्या एकाच भूतकाळाविषयी, म्हणजे अँपार्फॅविषयी आहेत, म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे त्यालाच दिले आहे. फ्रेंच शब्द येथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. त्यातील ‘ॅ’ हा तोंड उघडे ठेवून केलेला स्वर समजावा आणि ‘े’ हा त्याहून मिटलेला. अनुस्वार नाकातून उच्चारावा, ‘ज’ हा ‘जन्म’मधला आणि ‘झ’ हा ‘झाड’मधला समजावा. जेथे लेखनाचा प्रश्न आहे तेथे रोमन अक्षरांची नावे दिली आहेत.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या ए-2 पातळीची तयारी घरीच करते. पुस्तकातील अँपार्फॅचे तक्ते इतके लांब आहेत की त्यातील नियमित रूपे कोणती आणि अनियमित कोणती हेच समजत नाही. शिवाय निरनिराळ्या अक्षरांनी लिहिलेले प्रत्यय ऐकताना सारखेच वाटतात. रूपे लक्षात कशी ठेवावीत?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तक्ते बाजूला ठेवावेत, कारण फ्रेंचच्या सर्व भूतकाळांत रूपे बनवण्याच्या दृष्टीने याच्याइतका सरळ दुसरा नाही. वर्तमानकाळातील ‘नू’चे, म्हणजे ‘आम्ही’चे रूप घ्यावे, त्याच्या शेवटची ओ-एन-एस ही तीन अक्षरे काढावीत आणि उरलेल्या अंगाला अँपार्फॅचे प्रत्यय लावावेत. ‘नू पार्लॉं’ म्हणजे आम्ही बोलतो, त्यावरून ‘ज पार्लॅ’, म्हणजे मी बोलत होतो. ‘नू फिनिसॉं’ म्हणजे आम्ही संपवतो, त्यावरून ‘ज फिनिसॅ’. पिणे, घेणे, करणे यांसारखी जी क्रियापदे वर्तमानकाळात विद्यार्थ्यांना रडवतात, तीसुद्धा येथे निमूटपणे रांगेत येतात : ‘नू ब्यूवॉं’वरून ‘ज ब्यूवॅ’, ‘नू प्रनॉं’वरून ‘ज प्रनॅ’, ‘नू फझॉं’वरून ‘ज फझॅ’. म्हणजे आपल्याला अँपार्फॅ येत नसेल, तर बहुधा वर्तमानकाळातील ‘नू’चे रूप पक्के झालेले नाही, आणि कष्ट तेथे घ्यायला हवेत.

खरा अपवाद एकच, तो म्हणजे ‘असणे’ हे क्रियापद. त्याचे वर्तमानकाळातील रूप ‘नू सॉम’ असे असल्यामुळे त्यातून ओ-एन-एस काढताच येत नाही. तेथे ‘एत’ हे वेगळे अंग घेतात आणि ‘जेतॅ’, ‘इल् एतॅ’, ‘नू झेत्यॉं’ अशी रूपे होतात. पाऊस पडणे आणि ‘आवश्यक असणे’ या क्रियापदांना ‘आम्ही’चे रूपच नसते, तेव्हा ‘इल् प्लवॅ’ आणि ‘इल् फालॅ’ ही दोन रूपे तशीच पाठ करावीत.

प्रत्ययांविषयी आपले कान बरोबर सांगत आहेत. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ए-आय-एस, ‘तो’ किंवा ‘ती’ यांना ए-आय-टी आणि ‘ते’ किंवा ‘त्या’ यांना ए-आय-ई-एन-टी असे लिहितात, परंतु या चारही जागी उच्चार केवळ ‘ॅ’ असा होतो. वेगळे ऐकू येतात ते दोनच : ‘नू’चा आय-ओ-एन-एस, म्हणजे ‘यॉं’, आणि ‘वू’चा, म्हणजे ‘तुम्ही’चा, आय-ई-झेड, म्हणजे ‘ये’. त्यामुळे ‘तो बोलत होता’ आणि ‘ते बोलत होते’ ही दोन्ही वाक्ये फ्रेंच कानाला ‘इल् पार्लॅ’ अशी एकसारखीच ऐकू येतात आणि फरक फक्त कागदावर दिसतो. श्रुतलेखनात गुण जातात ते येथेच. त्याची भरपाई म्हणून फ्रेंच आपल्याला एक सवलतही देते : मराठीत ‘होतो’, ‘होते’ असे बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलावे लागते, तर ‘जेतॅ’ हे मुलगा आणि मुलगी दोघांनीही तसेच म्हणायचे असते.

लेखनातील दोन जागा मात्र जपाव्यात. ‘खाणे’ या क्रियापदात जी या अक्षराचा उच्चार ‘ज’ असाच राहावा म्हणून ए या अक्षरापूर्वी ई हे अक्षर घालतात, पण प्रत्यय आय या अक्षराने सुरू होत असेल तर त्या ई-ची गरज उरत नाही. म्हणून ‘ज मांजॅ’ लिहिताना ई येतो आणि ‘नू मांज्यॉं’ लिहिताना येत नाही. ‘सुरू करणे’ या क्रियापदातील सी-खालच्या शेपटीचेही हेच आहे. दुसरी जागा ‘अभ्यास करणे’ या क्रियापदाची : त्याच्या अंगाच्या शेवटी आधीच एक आय आहे आणि प्रत्ययाचाही पहिला वर्ण आय आहे, म्हणून ‘नू झेत्यूदियॉं’ आणि ‘वू झेत्यूदिये’ लिहिताना दोन आय लागोपाठ येतात. ते छपाईची चूक वाटतात, पण एक आय गाळला तर वाक्य वर्तमानकाळाचे होते.

प्रश्न : मी वेरूळ आणि अजिंठा येथे मार्गदर्शक म्हणून काम करतो आणि फ्रेंच पर्यटकांना लेण्यांचा इतिहास त्यांच्या भाषेत सांगतो. सगळा इतिहास भूतकाळाचाच असल्यामुळे मी सरसकट पासे कॉंपोझे, म्हणजे घडून गेलेल्या घटनेचा भूतकाळ, वापरत असे. एका पर्यटकाने नम्रपणे सांगितले की माझे बोलणे समजते, पण घटनांची यादी ऐकल्यासारखे वाटते. अँपार्फॅ कोठे वापरावा हे कसे ठरवायचे?
— एक मार्गदर्शक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्या पर्यटकाने आपल्याला फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. फ्रेंचमध्ये भूतकाळाची गोष्ट दोन धाग्यांनी विणली जाते : काय घडले हे पासे कॉंपोझे सांगतो आणि ते घडले तेव्हा काय चालू होते, जागा कशी होती, लोक कसे राहत, हे अँपार्फॅ सांगतो. निवड घटना किती जुनी आहे यावरून होत नाही, ती किती वेळ चालली यावरूनही होत नाही. सांगणारा कोठे उभा आहे यावरून होते. तो त्या काळाच्या आत उभा राहून आजूबाजूला पाहत असेल, सुरुवात किंवा शेवट त्याच्या नजरेत नसेल, तर अँपार्फॅ. तो बाहेर उभा राहून ‘हे झाले आणि संपले’ असे सांगत असेल, तर पासे कॉंपोझे.

अजिंठ्याचेच उदाहरण घेऊ. विहारांत भिक्षू पावसाळ्यात राहत असत, हे सांगताना आपण ‘ले म्वान वीवॅ दां से ग्रॉत पांदां ला मूसॉं’ असे म्हणावे. येथे पावसाळा दरवर्षी येत होता आणि भिक्षू दरवर्षी राहत होते, म्हणून अँपार्फॅ. त्यानंतर 1819 साली लेणी इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली त्या प्रसंगाकडे वळताना वाक्य दुहेरी होते : ‘अं नॉफिस्ये आंग्लॅ शासॅ दां ला वाले, कां तिल् आ व्यू ला ग्रॉत’, म्हणजे एक इंग्रज अधिकारी दरीत शिकार करत होता, तेवढ्यात त्याला लेणे दिसले. शिकार चालू होती, ती अँपार्फॅत. लेणे दिसणे हा त्या चालू गोष्टीला छेदणारा क्षण, तो पासे कॉंपोझेत. हीच दोन क्रियापदे उलटी वापरून पाहावीत : शिकार पासे कॉंपोझेत घातली, तर अधिकाऱ्याने लेणे दिसल्यावर शिकार केली असा भास होईल, आणि दिसणे अँपार्फॅत घातले, तर तो लेणे पाहतच होता, पुढे काय झाले ते सांगा, असे ऐकणारा म्हणेल.

वेरूळच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे कैलासात, वर्णनाला भरपूर वाव आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण राज्य करत होता, कारागीर खडक वरून खाली कोरत जात होते, ही सर्व क्रियापदे अँपार्फॅची. दौलताबादला गेल्यावर मात्र चित्र पालटते. राजधानी दिल्लीला होती, ‘ला कापिताल एतॅ आ दिल्ली’, हे अँपार्फॅत, आणि 1327 साली मुहम्मद तुघलकाने ती हलवली, ‘ल स्यूल्तां आ त्रांस्फेरे ला कापिताल’, हे पासे कॉंपोझेत. आपण आजवर दोन्ही वाक्ये एकाच काळात सांगितली असतील, तर त्या पर्यटकाला यादी ऐकल्यासारखे वाटले यात नवल नाही.

एक गोष्ट सहज सांगतो. ज्याँ द तेवनो या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात वेरूळ पाहून त्याचे वर्णन लिहिले आहे. असे जुने लेखन मूळ रूपात कधी हाती आले, तर अँपार्फॅच्या प्रत्ययांत ए-आय ऐवजी ओ-आय अशी अक्षरे दिसतील, जसे ‘होता’ यासाठी ई-एस-टी-ओ-आय-टी. ती चूक नव्हे. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाने ए-आय हे आजचे लेखन 1835 साली स्वीकारले, त्यापूर्वी ओ-आय लिहिण्याची रीत होती.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून हौसेने फ्रेंच शिकतो. किल्लारीच्या भूकंपाविषयी छोटा मजकूर लिहिताना ‘लोक झोपले होते’ या वाक्यासाठी मी प्ल्यूस-क-पार्फॅ, म्हणजे दुसऱ्या घटनेआधीच संपलेल्या क्रियेचा भूतकाळ, वापरला, कारण मराठीत तो पूर्ण भूतकाळ आहे. तपासणाऱ्याने तो खोडून अँपार्फॅ लिहिला. पूर्ण भूतकाळाच्या जागी अपूर्ण कसा चालेल?
— एक वाचक, लातूर

उत्तर : मराठी भाषकाला अँपार्फॅ जेथे खरोखर चकवतो ती जागा आपण नेमकी पकडली आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा ‘लोक झोपले होते’, यात ‘झोपले होते’ हे रूपाने पूर्ण भूतकाळाचे असले, तरी अर्थाने ते त्या क्षणी चालू असलेली स्थिती सांगते. लोक निद्रेत होते, हा अर्थ आहे. फ्रेंचमध्ये ही स्थिती ‘तू ल मॉंद दॉर्मॅ, कां ला तॅर आ त्रांब्ले’ अशीच सांगावी लागते.

आता वाक्य थोडे बदलून पाहा : ‘लोक त्या रात्री उशिरा झोपले होते.’ क्रियापद तेच, रूपही तेच, पण येथे झोपी जाण्याची क्रिया अभिप्रेत आहे आणि ती भूकंपाच्या आधी संपलेली आहे. येथे मात्र आपला प्ल्यूस-क-पार्फॅच योग्य : ‘ले जां सेतॅ कूशे तार’. म्हणून मराठी रूपाकडे पाहून फ्रेंच काळ ठरवता येत नाही, सोबतचे क्रियाविशेषण पाहावे लागते. ‘गाढ झोपले होते’ म्हटले की स्थिती, ‘उशिरा झोपले होते’ म्हटले की क्रिया.

मराठीत अशी क्रियापदे पुष्कळ आहेत, आणि ती बहुतेक शरीराच्या ठेवणीविषयी, वस्त्रांविषयी किंवा मनाच्या अवस्थेविषयी असतात. ‘म्हातारे पारावर बसले होते’ यात बसलेले असणे महत्त्वाचे, म्हणून ‘इल् झेतॅ तासी’. ‘तिने हिरवे लुगडे नेसले होते’ यात नेसण्याची क्रिया कोणी पाहिलेली नाही, लुगडे अंगावर दिसत होते इतकेच, म्हणून ‘एल पॉर्तॅ’. ‘मी थकलो होतो’ हे ‘जेतॅ फातिगे’.

याच्या उलट बाजूलाही एक खड्डा आहे. ‘काल मी सेलूला गेलो होतो’ असे आपण सहज म्हणतो. तेथे ‘होतो’ लावण्याचे कारण एवढेच की आपण जाऊन परत आलो आहोत. फ्रेंच माणूस यासाठी साधा पासे कॉंपोझे वापरतो, ‘इयॅर, ज स्वी झाले आ सेलू’. मराठी वाक्याच्या शेवटी ‘होतो’ आहे म्हणून ‘जेतॅ’ने वाक्य सुरू करणारे विद्यार्थी मी नेहमी पाहतो. ‘होता’ हा शब्द मराठीत इतकी कामे करतो की त्याच्या भरवशावर फ्रेंच काळ निवडणे म्हणजे नशिबावर सोडणे होय.

लातूरचेच दुसरे उदाहरण घेऊन मजकूर लिहून पाहावा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, ही घटना, म्हणून ‘ए तारिवे’. त्या उन्हाळ्यात ती गाडी मिरजेहून पाणी आणत असे, ही पुन्हा पुन्हा होणारी गोष्ट, म्हणून ‘आपॉर्तॅ’. गावातल्या विहिरी कोरड्या होत्या, लोक रांगेत उभे राहत, घागरी ओळीने मांडलेल्या असत : ही सर्व वाक्ये आपण अँपार्फॅत लिहून त्याच तपासणाऱ्याला दाखवावीत.

प्रश्न : ‘मी दहा वर्षे नांदेडला राहत होतो’ या वाक्याचे भाषांतर मी ‘जाबितॅ’ असे केले आणि गुण गेले. शिक्षक म्हणाले की काळ लांब असला तरी पासे कॉंपोझे हवा. मग लांब चालणाऱ्या गोष्टींसाठी अँपार्फॅ असतो हे जे पुस्तकात वाचले, ते खोटे काय?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : पुस्तकात तसे लिहिले असेल तर ते अर्धवट आहे. ‘दहा वर्षे’ असा हिशेब दिला की गोष्टीला सुरुवात आणि शेवट मिळतो, सांगणारा बाहेर येतो, आणि म्हणून ‘जे आबिते दि झां आ नांदेड’. तुघलकाची राजवट असो की एखादे शतक चाललेले बांधकाम, मोजून दिलेला काळ पासे कॉंपोझेतच जातो. मराठीत ‘दहा वर्षे राहत होतो’ हेही चालते आणि ‘दहा वर्षे राहिलो’ हेही चालते, आणि चुकीचे मूळ येथे आहे. यासाठी एक सोपी परीक्षा करावी : ‘राहत होतो’च्या जागी ‘राहिलो’ घालून वाक्याचा अर्थ बदलतो का ते पाहावे. अर्थ तसाच राहत असेल, तर पासे कॉंपोझे. ‘त्या काळी मी नांदेडला राहत होतो’ या वाक्यात ‘राहिलो’ घातले तर कानाला खटकते, म्हणून तेथे अँपार्फॅ : ‘आ सॅ तेपॉक, जाबितॅ आ नांदेड’.

पण ‘दहा वर्षांपासून राहत होतो, तेवढ्यात पुण्याला नोकरी लागली’ असे म्हणायचे असेल, तर दहा वर्षांचा उल्लेख असूनही अँपार्फॅ येतो, कारण नोकरी लागली त्या क्षणी राहणे चालूच होते : ‘जाबितॅ आ नांदेड दप्वी दि झां, कां जे त्रूवे अं त्रावाय आ पुणे’. ‘दप्वी’ म्हणजे ‘पासून’ आणि ‘पांदां’ म्हणजे ‘दरम्यान’ किंवा ‘इतका वेळ’. तथापि ‘पांदां’ दिसला की डोळे मिटून पासे कॉंपोझे लिहावा, असाही नियम करून घेऊ नये. वर मार्गदर्शकांना दिलेल्या भिक्षूंच्या वाक्यात ‘पांदां’ आहे आणि क्रियापद अँपार्फॅचे आहे, कारण ते पावसाळे मोजलेले नाहीत.

मोजणीचा हा मुद्दा सवयींनाही लागू पडतो. ‘लहानपणी मी रोज गोदावरीत पोहायला जायचो’ याचे ‘कां जेतॅ पती, जालॅ नाजे दां ला गोदावरी तू ले जूर’. ‘जायचो’, ‘जात असे’ आणि जुन्या वळणाचे ‘जाई’ ही तिन्ही रूपे अँपार्फॅकडे बिनधोक नेता येतात, आणि या बाबतीत मराठी विद्यार्थी इंग्रजीवरून फ्रेंच शिकणाऱ्यापेक्षा सुदैवी आहे. इंग्रजीतला साधा भूतकाळ सवय आणि घटना यांत फरक करत नाही, मराठी तो आधीच करून ठेवते. तरीही आमच्याकडचे विद्यार्थी मराठी वाक्य आधी मनात इंग्रजीत नेतात आणि तेथून फ्रेंचमध्ये आणतात, हे मला कधीच उमगलेले नाही. ‘गेल्या वर्षी मी तीनदा वेरूळला गेलो’ हे पुन्हा पुन्हा झाले असले तरी मोजलेले आहे, म्हणून पासे कॉंपोझे.

प्रश्न : ‘तो म्हणाला की मी आजारी आहे’ या वाक्यात मराठीत वर्तमानकाळ आहे. फ्रेंचमध्ये तेथे अँपार्फॅ का येतो?
— एक वाचक, बीड

उत्तर : मराठी माणूस दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे पुढे ठेवतो, फ्रेंच माणूस ते स्वतःच्या जागेवरून सांगतो. सांगण्याचे क्रियापद भूतकाळात असले, की आतले वर्तमानकाळाचे वाक्य अँपार्फॅत जाते, आणि ‘मी’चा ‘तो’ होतो : ‘इल् आ दी किलेतॅ मालाद’. पाहणे आणि कळणे यांनाही हेच लागू. ‘मी पाहिले की पाऊस पडतोय’ याचे ‘जे व्यू किल् प्लवॅ’. सांगितलेली गोष्ट आजही खरी असेल, तर वर्तमानकाळ ठेवलेला चालतो, परंतु परीक्षेत अँपार्फॅच लिहावा.

यातले सर्वात फसवे वाक्य म्हणजे ‘मला वाटले तू घरी आहेस’. मराठीत पहिला साधा भूतकाळ आणि दुसरा वर्तमानकाळ, तर फ्रेंचमध्ये दोन्ही अँपार्फॅ : ‘ज क्र्वायॅ क त्यू एतॅ आ ला मॅझॉं’. वाटणे ही काही क्षणाची घटना नसून मनात चालू असलेला समज होता, असे फ्रेंच मानते. माहीत असणे, हवे असणे, शक्य असणे ही सगळी क्रियापदे अशीच वागतात. त्यांना पासे कॉंपोझेत घातले की ती घटना होतात, आणि मराठीत आपल्याला बहुधा क्रियापदच बदलावे लागते : ‘ज सावॅ’ म्हणजे मला माहीत होते, ‘जे स्यू’ म्हणजे मला कळले. वयाचेही असेच आहे. ‘जावॅ दि झां’ म्हणजे मी दहा वर्षांचा होतो, ‘जे यू दि झां’ म्हणजे मला दहावे वर्ष पूर्ण झाले.

प्रश्न : ‘जर’च्या वाक्यांत अँपार्फॅ कधी वापरतात?
— एक वाचक, जालना

उत्तर : जे खरे नाही त्याची कल्पना करताना. ‘माझ्याकडे पाणी असते, तर मी ऊस लावला असता’ हे आजच्या परिस्थितीविषयी असेल, तर ‘सि जावॅ द लो, ज प्लांतरॅ द ला कान आ स्यूक्र’. ‘जर’च्या बाजूला अँपार्फॅ, दुसऱ्या बाजूला कॉंदिस्योनॅल, म्हणजे ‘लावला असता’ अशा अर्थाचे संकेतार्थी रूप. या दुसऱ्या रूपाचे प्रत्यय अँपार्फॅचेच असल्यामुळे विद्यार्थी ते चुकून दोन्हीकडे लावतात, पण ‘सि’च्या लगत कॉंदिस्योनॅल कधीही येत नाही. हेच मराठी वाक्य गेल्या वर्षीच्या हंगामाविषयी असेल, तर अँपार्फॅच्या जागी प्ल्यूस-क-पार्फॅ येईल, कारण मराठीत जो संदर्भावर सोडलेला असतो तो फरक फ्रेंचला क्रियापदात लागतो. याउलट ‘पाऊस पडला तर पेरू’ यात मराठीत ‘पडला’ असले तरी पाऊस पडण्याची खरी शक्यता आहे, म्हणून फ्रेंचमध्ये साधा वर्तमानकाळ : ‘सिल् प्ल, नू सॅमरॉं’. ‘पैठणला गेलो तर?’ असे आपण सुचवतो, त्याचे ‘सि ऑं नालॅ आ पैठण?’ हे मात्र शब्दशः जुळते.

प्रश्न : फ्रेंच बातम्या ऐकताना ‘पार्लॅ’ आणि ‘पार्ले’ यांतला फरक ऐकू येत नाही.
— एक विद्यार्थिनी, धाराशिव

उत्तर : दक्षिण फ्रान्समधील अनेक लोक तो फरक करतही नाहीत, तेव्हा शेवटच्या स्वरावर विसंबू नये. शब्दाच्या आधी काय आहे ते ऐकावे : ‘ज पार्लॅ’ यात केवळ ‘ज’ आहे, ‘जे पार्ले’ या पासे कॉंपोझेत ‘जे’ आहे. भराभर बोलताना पहिला ‘श्पार्लॅ’ असाही ऐकू येतो, दुसऱ्यातला ‘जे’ मात्र सहसा गळत नाही. ‘ते’ असताना हे आणखी सोपे होते, कारण पासे कॉंपोझेत ‘इल् झॉं पार्ले’ असा साहाय्यक क्रियापदाचा स्पष्ट आवाज मध्ये येतो.

प्रश्न : खुलताबाद येथील आमच्या निवासात एक फ्रेंच पाहुणे आले आणि ‘ज वूलॅ युन शांब्र’ असे म्हणाले. ‘मला खोली हवी होती’, म्हणजे आता नको, असे समजून मी गोंधळलो.
— एक व्यवस्थापक, खुलताबाद

उत्तर : त्यांना खोली त्याच क्षणी हवी होती. मागणीला भूतकाळात नेले की ती सौम्य होते. आपणही ‘तुम्हाला जरा विचारायचे होते’ असे म्हणून लगेच विचारतोच. फ्रेंचमध्ये कॉंदिस्योनॅल त्याहूनही आदबशीर, पण अँपार्फॅतली मागणी अशिष्ट मुळीच नाही. पुढच्या वेळी किल्ली काढून ठेवावी.

प्रश्न : एका फ्रेंच लेखात ‘ल प्रम्ये मॅ 1960, नॅसॅ लेता द्यू महाराष्ट्र’ असे वाक्य वाचले. 1 मे 1960 हा एकच दिवस, राज्य स्थापन होणे ही एकच घटना, मग ‘नॅसॅ’ हा अँपार्फॅ कसा?
— एक अभ्यासक, हिंगोली

उत्तर : हा लेखी फ्रेंचमधला एक खास प्रयोग आहे आणि आपण तो नेमका टिपला. वृत्तपत्रांत आणि इतिहासलेखनात, विशेषतः वर्धापनदिनाच्या मजकुरात, नेमकी तारीख देऊन तिच्यापुढे अँपार्फॅ ठेवतात. घटना एका क्षणाची असली, तरी वाचकाने त्या क्षणात थांबून ती घडताना पाहावी, असा त्यामागील हेतू असतो. तारीख जितकी नेमकी, तितका हा प्रयोग शोभतो. तारखेविना तो जवळजवळ उभाच राहत नाही. ‘1948 पूर्वी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता’ हे वाक्य आपण ‘फझॅ पार्ती’ असे लिहाल तेव्हा तो नेहमीचा, स्थितीचा अँपार्फॅ असेल, आणि ‘नॅसॅ’ हा त्याहून वेगळा. बोलताना फ्रेंच लोक हा दुसरा प्रकार सहसा वापरत नाहीत. डेल्फच्या ए-2 किंवा बी-1 पातळीवरील निबंधात तो लिहिला, तर परीक्षक तो शैली न मानता चूक मानण्याचा संभव अधिक, तेव्हा वाचताना ओळखता आला म्हणजे तूर्त पुरे, आणि लिहिताना ‘ए ने’ हा पासे कॉंपोझेच ठेवावा.